फेज मीटरवर दिसत नाही: नॅनो उपकरणातल्या इलेक्ट्रॉनचं व्यतिकरण मोजायचं कसं आणि वाचायचं कसं

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी एक आलेख घेऊन मार्गदर्शकांच्या टेबलाशी गेलो होतो. नॅनोमीटर मापाची एक रिंग, तिच्या एका भुजेत क्वांटम डॉट, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणारी इवलीशी जागा. चुंबकीय क्षेत्र बदललं की वाहकतेत लहरी दिसायच्या. डॉटचं गेट व्होल्टेज (डॉटमधल्या पातळ्या वर-खाली सरकवणारं व्होल्टेज) थोडंथोडं बदलत नेलं तर त्या लहरी बराच वेळ जागच्या हलायच्या नाहीत आणि मग एकाएकी उलट्या व्हायच्या, शिखराच्या जागी दरी. स्वच्छ १८०° ची उडी. डॉटमधून जाताना इलेक्ट्रॉनचा फेज कसा झटक्यात बदलतो ते आपण पकडलं, अशा थाटात मी उभा होतो. सरांनी आलेख नीट पाहिलाही नाही. "टर्मिनल किती?" म्हणजे उपकरणाला बाहेरून किती जोडण्या. मी म्हटलं, दोन. "मग हा फेज डॉटचा नाही."

ते का, हे या लेखाच्या मध्यावर येईल. तिथवर पोचायला हाताने करता येतील असे काही हिशेब आधी करू. कागद-पेन्सिल जवळ ठेवा. फेज म्हणजे लहर तिच्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे तो कोन; स्कॅटरिंग म्हणजे अडथळ्यावर आपटून लहरीचं विखुरणं. पाठ्यपुस्तकात फेजला कला आणि स्कॅटरिंगला विकिरण म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे फेज आणि स्कॅटरिंगच म्हणतात, म्हणून इथेही तेच.

आधी लांब्या काढून घ्या

उपकरणाला हात लावण्यापूर्वी चार लांब्या वहीत लिहा: इलेक्ट्रॉनची फर्मी तरंगलांबी (प्रवाह वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी), दोन टकरींमधलं सरासरी अंतर, फेज टिकून राहतो ते अंतर आणि तापमानामुळे फेज विस्कटतो ते अंतर. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या लांबीला प्रयोगाची गरज नाही, त्या बसल्या जागी निघतात.

गॅलियम आर्सेनाइडमधला द्विमितीय इलेक्ट्रॉन थर घ्या, दर चौरस मायक्रोमीटरला ३,००० इलेक्ट्रॉन असलेला. त्याची फर्मी तरंगलांबी सुमारे ४६ नॅनोमीटर येते आणि वेग सेकंदाला सुमारे २.४ लाख मीटर. म्हणजे इलेक्ट्रॉन एक नॅनोमीटर पुढे गेला की त्याचा फेज जवळजवळ ८° ने फिरतो. हा आकडा पाठच करा, कारण त्यात एक सापळा आहे. स्कॅटरिंग नेमकं कुठून कुठपर्यंत धरायचं ती सीमारेषा तुम्ही १० नॅनोमीटर सरकवलीत, तर उत्तरातला फेज ७९° ने बदलतो आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. फेजच्या सुट्या आकड्याला म्हणूनच अर्थ नाही. अर्थ असतो तो बदलाला: ऊर्जा बदलली, गेट बदललं, तेव्हा फेज किती हलला. सोन्यात तर तरंगलांबी अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास असते, तिथे एक अणू इकडचा तिकडे झाला तरी सगळा हिशेब फिरतो.

तापमानाची लांबी याच थरात १०० मिलिकेल्विनला सुमारे १८ मायक्रोमीटर येते आणि ४.२ केल्विनला जेमतेम ०.४ मायक्रोमीटर. इथे बरेच जण विनाकारण घाबरतात. या लांबीशी तुलना करायची ती दोन वाटांच्या लांबीतल्या फरकाची, वाटांच्या एकूण लांबीची नव्हे. दोन्ही भुजा सारख्या असतील तर वेगवेगळ्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे फेज एकत्रच पुढे सरकतात आणि त्यांच्यातला फरक शाबूत राहतो. रिंग आखताना भुजा समान ठेवण्याचा आग्रह त्यासाठी.

एक अडथळा, दोन फेज

लँडावरचं सूत्र सगळ्यांना माहीत असतं: वाहकता म्हणजे २ई²/एच गुणिले ट्रान्समिशन, म्हणजे इलेक्ट्रॉन पार जाण्याची शक्यता. ई हा इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, एच हा प्लांकचा स्थिरांक. २ई²/एच म्हणजे ७७.५ मायक्रोसीमेन्स, उलट्या भाषेत १२.९ किलोओहम. ट्रान्समिशन म्हणजे ट्रान्समिशनच्या आयामाच्या परिमाणाचा वर्ग, आणि आयाम ही संमिश्र संख्या. वर्ग केला की फेज गेला. आपलं सगळं दुखणं या एका वर्गात आहे.

तरीही एकच सममित अडथळा असेल तर फेज कुठे दडलेला असतो ते छान दाखवता येतं. अडथळ्यावर दोन्ही बाजूंनी लहरी येऊ द्या. त्यांची दोन प्रकारांत वाटणी करा: दोन्हीकडून एकाच चिन्हाने येणाऱ्या त्या सम, उलट चिन्हाने येणाऱ्या त्या विषम. अडथळा सममित असल्यामुळे तो या दोघींची सरमिसळ करू शकत नाही. सम लहर समच बाहेर पडते, विषम विषमच. फक्त प्रत्येकीचा फेज बदललेला असतो. सम लहरीचा बदल 'स' च्या दुप्पट आणि विषम लहरीचा 'व' च्या दुप्पट धरा. हे स आणि व म्हणजेच स्कॅटरिंग फेज शिफ्ट. थोडी बेरीज-वजाबाकी केली की दोन गोष्टी हाती येतात:

ट्रान्समिशन = कॉस²(स − व)
ट्रान्समिशनच्या आयामाचा फेज = स + व, आणि कॉस(स − व) ऋण असेल तर त्यात आणखी १८०°

वाहकता कळते ती दोन शिफ्टच्या फरकातून, आणि आयामाचा फेज ठरतो तो त्यांच्या बेरजेतून. नुसत्या वाहकतेवरून बेरीज काढणं शक्य नाही, कितीही काळजीपूर्वक मोजा. आणि ही बेरीज काही शोभेची राशी नव्हे: फ्रीडेलच्या नियमानुसार तिला १८०° ने भागलं की अडथळ्यापाशी किती इलेक्ट्रॉन जमा झाले ते कळतं, प्रत्येक स्पिनसाठी वेगळं.

सुईच्या टोकाएवढा बारीक अडथळा घेऊन पडताळून पाहा. विषम लहर मध्यावर शून्यच असते, तिला अडथळा जाणवतही नाही; म्हणून व = ०. मग ट्रान्समिशन नुसतं कॉस² स. निम्मे इलेक्ट्रॉन पार होत असतील तर शिफ्ट ४५°, आणि अडथळा रेटणारा म्हणून चिन्ह ऋण. फक्त या एका प्रकारात वाहकतेवरून फेज सांगता येतो, तोही चिन्ह आधीपासून माहीत असेल तर.

दोन अडथळे: तुमची पहिली कसोटी

आता तसेच दोन अडथळे एकामागे एक ठेवा, प्रत्येकाचं ट्रान्समिशन १/२. फेज पूर्ण विस्कटलेला असेल तर शक्यतांची बेरीज करायची, सगळ्या उलटसुलट फेऱ्या धरून. उत्तर १/३. फेज शाबूत असेल तर आधी आयामांची बेरीज, मग वर्ग. अडथळ्यांमधल्या एका पूर्ण फेरीचा फेज ३६०° च्या पटीत पडला तर उत्तर १. १८०° ने चुकला तर १/९. म्हणजे त्याच दोन अडथळ्यांतून ७७.५ पासून ८.६ मायक्रोसीमेन्सपर्यंत काहीही मिळू शकतं.

याचा उपयोग असा. सुसंगत, म्हणजे फेज शाबूत असतानाच्या, उत्तराची फेरीच्या सगळ्या फेजवर सरासरी काढा: ती नेमकी १/३ येते. तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅमने ही सरासरी दिली नाही तर फेऱ्यांची बेरीज कुठेतरी चुकली आहे. परावर्तनाच्या फेजमधली चूक मात्र या सरासरीत दिसत नाही; तिच्यासाठी ट्रान्समिशन आणि परावर्तन यांच्या शक्यतांची बेरीज १ येते का ते तपासा. डावीकडून होणारं परावर्तन आणि उजवीकडून होणारं परावर्तन यांचे आयाम एकच समजण्याची चूक मी स्वतः दोनदा केली आहे.

दोन अडथळ्यांमधली जागा म्हणजेच डॉट. त्याच्या एका पातळीजवळ ऊर्जा आली की ट्रान्समिशनचं शिखर दिसतं आणि आयामाचा फेज एकूण १८०° ने वर चढतो. शिखराच्या मध्यापासून मोजलं तर ट्रान्समिशन निम्मं होतं तिथे फेज बरोबर ४५° पुढे किंवा मागे असतो. म्हणजे शिखराच्या अर्ध्या उंचीवरच्या रुंदीत निम्मा चढ उरकतो आणि उरलेला ९०° लांबलचक शेपट्यांमध्ये. चढाचा उतार म्हणजे इलेक्ट्रॉन आत किती रेंगाळला त्याचा हिशेब. पातळीची रुंदी ०.१ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर शिखरावर हा वेळ सुमारे १३ पिकोसेकंद निघतो. वेळ ऋण आली तर घाबरू नका, आधी फेजच्या चिन्हाचा संकेत तपासा. भौतिकीतली पुस्तकं आणि विद्युत अभियांत्रिकीतली पुस्तकं काळाच्या घातांकाला उलट चिन्ह लावतात.

तुलनेला दुसरी वाट

बेरीज वाचायची तर डॉटमधून आलेली लहर फेज माहीत असलेल्या दुसऱ्या लहरीत मिसळावी लागते. रिंग त्यासाठी. एक भुजा डॉटची, दुसरी मोकळी, संदर्भाची. बाहेर मिळणारं ट्रान्समिशन म्हणजे दोन्ही वाटांचे वर्ग, अधिक दोन्ही आयामांच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले एक कोसाइन. त्या कोसाइनमध्ये डॉटचा फेज असतो आणि रिंगमधून जाणाऱ्या चुंबकीय प्रवाहामुळे येणारा अहारोनोव-बोम फेजही. चुंबकीय प्रवाह एच/ई ने, म्हणजे ४.१४ × १०⁻¹⁵ वेबरने वाढला की एक आवर्तन पूर्ण.

ही कल्पना १९५९ ची. धातूच्या रिंगमध्ये एच/ई आवर्तनं स्पष्ट दिसली ती १९८५ मध्ये, आयबीएममध्ये रिचर्ड वेब आणि सहकाऱ्यांनी केलेल्या सोन्याच्या रिंगवरच्या प्रयोगात. तुमच्या रिंगचा सरासरी व्यास १ मायक्रोमीटर असेल तर आवर्तन ५.३ मिलिटेस्लाला यायला हवं. २.६ ला आलं तर ती निम्म्या आवर्तनाची लहर आहे. डॉटच्या फेजसाठी ती निरुपयोगी.

या मांडणीचा एक फायदा सहज नजरेतून सुटतो. डॉटचं ट्रान्समिशन फक्त १ टक्का असलं तरी त्याचा आयाम ०.१ असतो. संदर्भाचा आयाम ०.५ धरला तर मूळ पातळी ०.२६ आणि तिच्यावर लहर ±०.१. दोन शिखरांमधल्या दरीत, जिथे सरळ मोजणीत काहीच हाती लागत नाही, तिथेही फेज वाचता येतो.

आता सरांचा प्रश्न. दोनच टर्मिनल असलेल्या उपकरणाची वाहकता चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटी केली तरी तीच राहते. ऑनसागरची सममिती, तिला इथे सुटका नाही. आता विचार करा, क्षेत्र शून्य असताना कोसाइनची लहर दोन्ही बाजूंना सारखी दिसायची असेल तर तिथे शिखर तरी हवं किंवा दरी तरी. मधली जागा मिळणारच नाही. म्हणून डॉटचा खरा फेज सावकाश चढत असला तरी मोजलेला फेज ० किंवा १८० यांपैकी काहीतरी एकच दाखवणार, आणि अदलाबदल झाली की उडी दिसणार. रिंगमध्ये अनेक फेऱ्या मारून परतणाऱ्या लहरी ही सममिती सांभाळतात. वर दिलेल्या दोन वाटांच्या सोप्या सूत्रात त्या धरलेल्याच नाहीत, म्हणून ते सूत्र इथे फसवतं.

वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये मोती हायब्लम यांच्या गटाने १९९५ मध्ये याच दोन टर्मिनलच्या रचनेवर पहिला प्रयोग केला आणि त्यांनाही अशाच उड्या मिळाल्या. व्यतिकरण दिसलं, म्हणजे डॉटमधून जाऊनही इलेक्ट्रॉनचा फेज टिकतो हे मात्र त्यातून सिद्ध झालं. १९९७ मध्ये त्यांनी रिंगला जादा टर्मिनल दिले, म्हणजे मागे फिरणाऱ्या लहरी बाजूला निघून जातील, आणि मग शिखरातून जाताना १८०° चा सावकाश चढ हाती आला.

प्रत्यक्ष मोजताना

चार-टर्मिनलचं उपकरण थंड झालं आहे असं धरू. डॉटचं एक शिखर निवडा. त्याच्यावर गेट व्होल्टेजचे वीसेक बिंदू ठरवा आणि प्रत्येक बिंदूला चुंबकीय क्षेत्र निदान पाच-सहा आवर्तनं होतील इतकं फिरवा. प्रत्येक फेरीतून मंद बदलणारी पार्श्वभूमी काढून टाका. मग शिखर कुठे दिसतं ते डोळ्यांनी शोधू नका. सगळ्या फेऱ्यांसाठी एकच ठरावीक वारंवारता घ्या आणि तिच्यावरच्या फूरिए गुणकाचा कोन काढा. वारंवारता प्रत्येक फेरीत मोकळी सोडलीत तर फिट सुंदर दिसतो आणि फेज कुठेही भरकटतो.

सर्वांत जास्त घात करतो तो चुंबक. अतिवाहक चुंबकात अडकलेलं क्षेत्र राहतं आणि वीजपुरवठ्याचा आकडा ० दाखवत असला तरी रिंगला १ मिलिटेस्ला जाणवत असतं. ५.३ मिलिटेस्लाच्या आवर्तनात ही चूक ६८° ची. प्रत्येक फेरी एकाच दिशेने करा, आणि दर पाच फेऱ्यांनंतर पहिला गेट बिंदू पुन्हा मोजा. त्याचा फेज हलला असेल तर मधल्या सगळ्या मोजण्या संशयित.

लॉक-इनचं (ठरावीक वारंवारतेचा बारीक संकेत मोजणाऱ्या यंत्राचं) उद्दीपन किती द्यायचं? १०० मिलिकेल्विनला औष्णिक ऊर्जा ८.६ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणून ५ मायक्रोव्होल्टच्या वर जाऊ नका. आणि हे तापमान फ्रिजच्या थर्मामीटरचं नव्हे, इलेक्ट्रॉनचं हवं. ते डॉटच्या एखाद्या अरुंद शिखराच्या रुंदीवरून काढता येतं. तापमानाने रुंदावलेलं शिखर औष्णिक ऊर्जेच्या साधारण साडेतीनपट रुंद असतं. फिल्टर नीट नसतील तर फ्रिज ३० मिलिकेल्विन म्हणतो आणि इलेक्ट्रॉन १५० वर बसलेले असतात.

डॉटचं गेट संदर्भाच्या भुजेलाही थोडं ढकलतं. डॉट पूर्ण बंद करून किंवा शिखरांपासून लांब नेऊन गेट फिरवा, फेज किती सरकतो पाहा, आणि तो सरळ उतार नंतर वजा करा. हे न करता छापलेले आलेख मला पटत नाहीत.

शिखरांमधली उडी

चार टर्मिनलांवरही एक उडी राहतेच. १९९७ च्या प्रयोगात फेज प्रत्येक शिखरात १८०° चढला आणि पुढचं शिखर येण्याआधी दरीत एकदम १८०° खाली आला, शिखरामागून शिखर तोच प्रकार. ही उडी खरी आहे, आणि तिचं मूळ आपण आधी काढलेल्या सूत्रात सापडतं.

शिखरांपासून लांब ट्रान्समिशन शून्याजवळ असतं, म्हणजे स आणि व यांतला फरक ९०° च्या आसपास. एक सम पातळी ओलांडली की स १८०° ने वाढतो आणि फरक २७०° कडे सरकतो. वाटेत १८०° ला शिखर. पुढची पातळी विषम असेल तर आता व वाढतो, फरक २७०° ला न पोचताच मागे फिरतो, पुन्हा शिखर, आणि आयामाचा फेज सलग चढत राहतो. पण पुढची पातळीही समच असेल तर फरकाला २७०° ओलांडावेच लागतात. तिथे कॉस शून्यातून जातो, ट्रान्समिशन अगदी शून्य होतं आणि आयामाचं चिन्ह बदलतं. उडी ती हीच. स + व मात्र त्या क्षणीही अखंड असतो, डॉटमधल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येत काही उडी नसते.

एका मितीतल्या साध्या विहिरीत सम-विषम पातळ्या आळीपाळीने येतात, म्हणून उडी दिसायलाच नको. प्रत्यक्ष डॉटमध्ये मात्र ती जवळजवळ प्रत्येक दरीत दिसली, आणि या कोड्याने सिद्धांतवाल्यांना बरीच वर्षं कामाला लावलं. २००५ मध्ये त्याच गटाने दाखवलं की डॉटमध्ये मोजकेच इलेक्ट्रॉन असताना वागणूक दरी-दरीला बदलते, काही ठिकाणी उडी असते, काही ठिकाणी नसते. इलेक्ट्रॉन वाढले की उडी सगळीकडे येते.

संगणकावर हे करून पाहायला पायथॉनमधलं क्वांट (Kwant) हे पॅकेज चांगलं. ते उपकरणाला बिंदूंच्या जाळीत बसवतं. जाळीचं अंतर ३ नॅनोमीटर ठेवलंत तर वरच्या थरासाठी शेजारच्या दोन बिंदूंमधल्या जोडणीची (हॉपिंगची) ऊर्जा ६३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट येते आणि फर्मी ऊर्जेतली चूक दीड टक्क्याच्या आत राहते. स्कॅटरिंग मॅट्रिक्स (येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या लहरींचे आयाम जोडणारा तक्ता) युनिटरी आहे का, म्हणजे एकूण शक्यता १ राहते का, आणि क्षेत्राची दिशा उलटवल्यावर ती तिच्या ट्रान्सपोझएवढी होते का, हे दर वेळी तपासा. फेज सलग करणारं अनरॅप फंक्शन ३६०° च्या उड्या मिटवतं, १८०° च्या नव्हे. ट्रान्समिशनच्या शून्याजवळ त्याच्यावर भरवसा न ठेवता संमिश्र प्रतलावर आयामाची वाट काढा. ती आरंभबिंदूतून आरपार गेली तर उडी खरी. बाजूने वळसा घालून गेली तर तो फक्त वेगवान बदल.

रेणूत हेच, कागदावर

रिंग आणखी लहान करत नेली की आपण बेंझीनपाशी येतो. सहा कार्बन, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत सारखी जोडणी, आणि ऊर्जा पातळ्यांच्या बरोबर मध्यावर धरलेली. एका कार्बनपासून दुसऱ्यापर्यंत जाण्याचा आयाम म्हणजे सहाही पातळ्यांच्या योगदानांची बेरीज. समोरासमोरच्या, म्हणजे पॅरा जागांसाठी बेरीज, सारख्या ऊर्जेच्या पातळ्यांच्या दोन जोड्या एकत्र धरून आणि समाईक गुणक सोडून, अशी येते: १/२ − २ − २ + १/२ = −३. एक सोडून पुढच्या, म्हणजे मेटा जागांसाठी: १/२ − १ + १ − १/२ = ०. पूर्ण शून्य. त्याच रेणूला तारा कुठे जोडल्या त्यावर प्रवाह जाणार की अडणार हे ठरतं. शेजारच्या, म्हणजे ऑर्थो जागांसाठी +३ येतं. आकार पॅराएवढाच, चिन्ह उलट.

प्रयोगात मेटाची वाहकता शून्य होत नाही, नुसती बरीच घटते. आपण फक्त पाय (π) इलेक्ट्रॉन मोजले, म्हणजे रिंगभर पसरलेले. अणूंना सरळ जोडणाऱ्या सिग्मा (σ) बंधांतून थोडा प्रवाह जातोच, आणि धातूची फर्मी पातळी क्वचितच बरोबर मध्यावर पडते. म्हणून कमी वाहकता दिसली की लगेच व्यतिकरणाचं नाव घेऊ नका. बायस व्होल्टेज किंवा गेट बदलून दरीचा आकार काढा: दोन्ही बाजूंना वाहकता चढत असेल, आणि त्याच लांबीच्या पॅरा रेणूत तिथे दरी नसेल, तर बोलायला जागा आहे.